किल्ली मालकाच्या खिशात, शिस्त कामगाराकडून

व्यापारी बंधूंची कुठेही बैठक बसली की दहा मिनिटांत बोलणे सुताच्या भावावरून कामगारांवर येते. माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही, टिकला तर वेळेवर येत नाही, आणि वेळेवर आला तर कानाला मोबाइल. ही तक्रार खोटी नाही. मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. शनिवारी सकाळी कारखान्यांतून फेरी मारली तर मालक दारात उभा आणि माग कारागिराची वाट पाहत उभे, हे दृश्य आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. आम्ही कापडाचे व्यापारी. कोरा माल घेतो आणि रंगाई-छपाईसाठी पाली-बालोतऱ्याला पाठवतो. इकडे मागावर तीन दिवसांचा उशीर झाला की तिकडे आमचा वायदा चुकतो. तेव्हा कामगारांची बाजू घेऊन गोड बोलण्याची आम्हाला काही हौस नाही.

तरीही आमच्या दुकानात घडलेली एक गोष्ट सांगतो. आमच्या पाटीवर दुकान उघडण्याची वेळ सकाळी दहाची लिहिलेली आहे. किल्ली मात्र आमच्या खिशात. नाश्ता, एखाद्याचा फोन, वाटेत कुणाची भेट, असे करता करता आम्हाला पावणेअकरा व्हायचे, आणि तोवर तिन्ही गुमास्ते ओट्यावर बसून राहायचे. एके दिवशी आम्ही कधी नव्हे ते दहालाच पोहोचलो. त्यांतला तरुण मुलगा साडेदहाला आला. समोर नाशिकचे दोन गिऱ्हाईक बसले होते. त्यांच्यादेखत आम्ही त्याला नको ते बोललो. तो काही बोलला नाही. दिवसभर तागे उचलले, महिना पुरा केला, पगार घेतला आणि पुढच्या महिन्यात त्याच गल्लीतल्या दुसऱ्या पेढीवर बसलेला दिसला. आम्ही बरेच दिवस त्याला नमकहराम म्हणत होतो. मग आमचे जुने गुमास्ते एकदा हिशेब लिहिता लिहिता म्हणाले, "सेठ, दहाला येऊन तो करणार काय होता? शटर तर तुम्ही उघडता."

बेशिस्त म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो, तिच्यातली निम्मी आपणच शिकवलेली असते, असे त्या दिवसापासून आमचे मत झाले.

आता मागांकडे येऊ. कापडात फटी पडल्या, बाण्याचा धागा चुकला, तेलाचा डाग लागला, की आम्ही व्यापारी कारखानदाराच्या बिलातून रक्कम कापतो. कारखानदार ती विणणाऱ्याच्या मजुरीतून कापतो. आता डाग कुणामुळे पडला? सूत कच्चे होते का, मागाला तेल जास्त घातले का, मुकादमाला तीन वेळा सांगूनही त्याने माग जुळवला नाही का, हे कुणी विचारत नाही. एकच माणूस एका वेळी चार-सहा माग सांभाळतो. त्या खडखडाटात शेजारी उभा असलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही, मग तुटलेल्या धाग्याचा आवाज काय येणार! दंड मात्र त्याच्याच नावावर.

याचा परिणाम काय होतो तो आमच्या खिशाने पाहिला आहे. सततच्या कापाकापीने विणणारा चूक टाळायला शिकत नाही, लपवायला शिकतो. दोष असलेला भाग घडीच्या आत जातो. घडी घालणारा त्याचा सोबती, तोही डोळे मिटतो. एकदा असा माल आमच्याकडून रंगाईला गेला. कोऱ्या कापडात न दिसणारी फट गडद रंगात पट्ट्यासारखी उमटली, आणि सगळा लॉट नगाच्या भावाने विकावा लागला. तोच दोष मागावर असताना कळला असता तर दोन-तीन मीटरचे फेंट काढून भागले असते. त्यानंतर आम्ही एका कारखानदाराशी ठरवले की विणणाऱ्याने दोष दिसताच स्वतः खडूने खूण केली, तर त्या तुकड्याचे पैसे आम्ही कापणार नाही आणि त्यांनीही कापायचे नाहीत. पहिल्या महिन्यात खुणा इतक्या आल्या की आम्ही घाबरलो. मग त्या कमी झाल्या, कारण कोणता माग बिघडलेला आहे हे खुणांवरूनच कळू लागले.

दंडाच्या बाबतीत आपल्या बहुतेक बंधूंना कायदा माहीत नाही, किंवा माहीत करून घ्यायचा नाही. 1936 च्या जुन्या वेतन कायद्यातही दंडाला लगाम होताच. 2019 च्या वेतन संहितेप्रमाणे एका मजुरीच्या मुदतीत त्या मजुरीच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त दंड करता येत नाही. आठवड्याची मजुरी 4000 रुपये धरली तर 120 रुपये. तोही आधी कामगाराचे म्हणणे ऐकून आणि वहीत नोंद करून. शिवाय दंडाची रक्कम मालकाच्या गल्ल्यात जात नाही, कामगारांच्या भल्यासाठीच खर्चावी लागते. मालाच्या नुकसानीची वजावट वेगळी आहे, पण ती कामगाराच्या हलगर्जीनेच झालेल्या नुकसानीची, नुकसानीएवढीच, आणि तीही त्याला विचारल्यावर. आपल्याकडे तीन दिवस उशीर झाला की एक दिवसाची मजुरी कापतात. ती कोणत्या हिशेबात बसते, हे आपापल्या मुनीमजींना विचारून पाहावे.

त्याच संहितेत मजुरी देण्याचा दिवसही ठरलेला आहे. मजुरी आठवड्याची असेल तर साप्ताहिक सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी, म्हणजे मालेगावच्या हिशेबाने गुरुवारी. महिन्याची असेल तर पुढच्या महिन्याची 7 तारीख उलटण्याआधी. कामगाराला वेळ पाळायला सांगणारे आपण ही वेळ किती जण पाळतो? एका ओळखीच्या कारखानदारांच्या कचेरीत मजुरीबद्दलची हदीस सुंदर अक्षरात फ्रेम करून लावलेली आहे. आम्ही तिथे चहा घेत असताना एक कारागीर त्याच मजुरीसाठी तिसऱ्यांदा येऊन परत गेला. त्याने वर पाहिले नाही. आम्ही पाहिले, आणि चहा घशाखाली उतरेना.

आणि उचल! हा रोग दोन्ही बाजूंचा आहे. लग्न, आजारपण, गावाला जाणे, अशा कारणाने कारागीर रक्कम उचलतो. मालकही आनंदाने देतो, कारण उचल फिटेपर्यंत माणूस बांधलेला राहील असा त्याचा हिशेब असतो. पण बांधलेला माणूस मन लावून काम करत नाही. तो दुसऱ्या मालकाकडून मोठी उचल मिळवून पहिल्याची फेडतो आणि जातो. मग आपण म्हणतो, या लोकांना इमान नाही. उचल द्यावी, जरूर द्यावी, आणि हप्त्याने वळती करून घ्यावी. मात्र तिच्या जोरावर माणूस अडवून ठेवणे हा 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा विषय होतो, हे ध्यानात असावे. दुसरे असे की उचलीचा हिशेब फक्त मालकाच्या वहीत असतो. आम्ही आता प्रत्येकाला एक छोटी वही दिली आहे. आकडा दोन्ही वह्यांत एकाच वेळी लिहितो. आमचे शिक्षण उर्दूतले, मराठी बाजाराने शिकवली. म्हणून काही वह्यांत नोंदी उर्दूत आहेत, काहींत मराठीत. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

याचा अर्थ सगळे माफ करावे असा नाही. गल्ल्याला हात लावणारा, चालत्या पट्ट्याजवळ फोनवर बोलत उभा राहणारा, कांडी भरणाऱ्या बायकांशी वेडेवाकडे बोलणारा, यांना दुसरी संधी देताना आमचा हात आखडतो. तिसऱ्या प्रकाराला तर देऊच नये. पण बोलायचे ते आत बोलावून, दार लावून. गिऱ्हाईकासमोर नाही आणि सोबत्यांसमोर तर नाहीच.

आता दुकानाची दुसरी किल्ली जुन्या गुमास्त्यांकडे आहे आणि दहाला शटर उघडते. हजेरीच्या वहीत सगळ्यांची वेळ लिहिली जाते, आमचीसुद्धा. अडचण फक्त एका नावाची आहे. आमचा भाचा दुकानात बसतो, आणि "मामूंचे दुकान" म्हणून साडेअकराला येतो. मागच्या महिन्यात त्याची वेळ पहिल्यांदा त्याच वहीत लिहिली गेली, आणि महिन्याच्या शेवटी इतरांप्रमाणे त्यालाही आत बोलावून दाखवली. त्या रात्री बहिणीचा फोन आला. आम्ही उचलला नाही. सकाळी भाचा सव्वादहाला आला. तेवढी पंधरा मिनिटेही जुन्या गुमास्त्यांनी आम्हाला न विचारता वहीत लिहून टाकली.