हिशोब विचारला की राग का येतो?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढवायचा ठराव आला की तीन तास चर्चा चालते. वॉचमनच्या दिवाळीपासून पंपाच्या वाइंडिंगपर्यंत प्रत्येक व्हाउचर लोक बाहेर काढायला लावतात. चहा दोनदा होतो, आवाज चढतात, पण हिशोब होतो. गल्लीतल्या गणपती मंडळाचा जमाखर्च तर अनंत चतुर्दशीनंतर चक्क फळ्यावर लिहून लावतात. अगदी 'निर्माल्य टेम्पो' इथपर्यंत. आणि हे योग्यच आहे. पैसे आपले, तर ते कुठे गेले हे आपल्याला कळायला नको?

मग हीच माणसं (म्हणजे मीही आलेच) मुकाट्याने मालमत्ता कर भरतात, पावती फायलीत लावतात आणि त्या पैशाचं पुढे काय झालं हे विचारायची वेळ आली की गप्प बसतात. फार तर कट्ट्यावर म्हणतात, "सगळे चोर आहेत." हे वाक्य ऐकायला फार कडक वाटतं, पण त्याने कुणाचंच काही बिघडत नाही. सगळेच चोर म्हटलं की कोणा एकाला जाब विचारायची गरजच उरत नाही.

मी एका बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. दरवर्षी ऑडिट व्हायचं. ऑडिटर आपला वैरी आहे असं आमच्या शाखेत कोणाला कधी वाटलं नाही. उलट तो येणार म्हणून आधीचे आठ दिवस सगळे राहिलेल्या नोंदी जुळवायला बसायचे, अर्धवट सह्या पूर्ण व्हायच्या. ऑडिटरने चूक काढली नाही तरी त्याच्या येण्याने निम्मं काम होऊन जायचं. कोणीतरी बघणार आहे, एवढंच माहीत असणं पुरेसं असतं. माझं म्हणणं इतकंच आहे की नगरपालिकेच्या, महापालिकेच्या, ग्रामपंचायतीच्या बाबतीत हा बघणारा आपण व्हायला हवं.

माझा मावसभाऊ (तो हे वाचतो, म्हणून नाव घालत नाही :-) ) मला म्हणाला, "ताई, कशाला त्या लोकांच्या नादी लागतेस? निवृत्त झालीस, जरा फिरून ये." त्याला उत्तर म्हणूनच हे लिहायला घेतलं आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज. माहितीचा अधिकार म्हणजे काहीतरी मोठं धाडसाचं, वकिली प्रकरण असतं असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला. महाराष्ट्राने तर अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे २००२ चा स्वतःचा कायदा त्याआधीच केला होता. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीला पानामागे दोन रुपये. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मुदत उलटली तर तीच माहिती फुकट द्यावी लागते. आपल्या राज्यात २०१२ पासून एक अट आली, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. तेव्हा तिच्यावर टीका झाली होती. पण खरं सांगू का, नेमकं मागायची सवय लागायला ती मला उपयोगीच पडली.

कारण खरी गोम मागण्यातच आहे. आपण तक्रार करतो, कागद मागत नाही. तक्रार केली की समोरचा म्हणतो, "बघतो." कागद मागितला की त्याला बघावंच लागतं.

आमच्या घरासमोरचा रस्ता डांबरी झाला आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याची चाळण झाली. मी अर्जात "रस्ता का उखडला?" असं विचारलं नाही. नोंदीत असेल ती माहिती द्यायला अधिकारी बांधील असतो, नोंदीत नसलेल्या 'का'चं उत्तर द्यायला नसतो. म्हणून चार गोष्टी मागितल्या. मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, निविदेतली दोषदायित्व कालावधीची अट आणि मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं.

मोजमाप पुस्तिका म्हणजे त्या कामाचं पासबुकच म्हणा. अभियंत्याने जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजून लिहायची, वरच्याने तपासायची आणि त्यावरून ठेकेदाराचं बिल निघायचं. आणि दोषदायित्व कालावधी म्हणजे काम झाल्यानंतरची ठरावीक वर्षं, ज्यात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. आपण मिक्सर घेताना वॉरंटी कार्ड जपून ठेवतो ना, तसंच. फरक इतकाच की रस्त्याचं वॉरंटी कार्ड आपण कधी मागतच नाही.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." मी वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल दाखवायला सांगितली. मग एका दुपारी मी, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आणि तळमजल्यावरची एक कॉलेजातली मुलगी, असे तिघे जाऊन बसलो. तिथल्या क्लार्क बाईंनी खुर्च्या दिल्या, फाइल दिली, चहाही दिला. म्हणाल्या, "मॅडम, ही सगळी पानं एकत्र आम्हालासुद्धा कधी बघायला मिळत नाहीत."

दोन गोष्टी सापडल्या. एक म्हणजे दोषदायित्व तीन वर्षांचं होतं आणि चौदाच महिने झाले होते. तरीही त्या रस्त्याचे खड्डे दोनदा बुजवले गेले होते ते देखभालीच्या वेगळ्या तरतुदीतून, म्हणजे आपल्याच पैशातून. दुसरी म्हणजे तोच रस्ता ड्रेनेजसाठी खोदायची मागणी करणारं पत्र रस्त्याच्या कार्यारंभ आदेशाच्या आधीच्या तारखेचं होतं. एकाच इमारतीत दोन मजल्यांच्या अंतरावर दोन विभाग आहेत, आणि एक रस्ता करतोय तर दुसरा तो खोदायची वाट बघतोय! यात चोरी किती आणि बेपर्वाई किती हे मी सांगू शकत नाही. पण बेपर्वाईचंही बिल येतंच, आणि ते आपल्याच नावावर फाटतं.

आम्ही एक पानी पत्र लिहिलं, सोबत झेरॉक्स जोडल्या, बावीस घरांच्या सह्या घेतल्या. तीन आठवड्यांत ठेकेदाराची माणसं आली आणि रस्ता नीट झाला. त्या दोन बिलांची वसुली करू असं लेखी उत्तरही आलं. झाली का, हे पुढच्या अर्जात विचारलं तेव्हा उत्तर आलं, "प्रक्रिया सुरू आहे." त्यावरचं दुसरं अपील माहिती आयोगाकडे पडून आहे. तिथे वर्ष वर्ष नंबर लागत नाही, हे या वाटेने गेलेल्या कुणालाही माहीत असतं. कायद्यात उशिराबद्दल दिवसाला अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण दंड करणारी यंत्रणाच थकलेली असेल तर त्या तरतुदीचा धाक कुणाला वाटणार?

म्हणूनच मला वाटतं की या कायद्याचा जीव अपिलात नाही, एकत्र बसून वाचण्यात आहे. आणि हे काही माझं शहाणपण नाही. राजस्थानातल्या मजूर शेतकऱ्यांनी हे तीस वर्षांपूर्वीच करून दाखवलंय. मजदूर किसान शक्ती संगठनने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची बिलं आणि मस्टर गावासमोर मोठ्याने वाचून दाखवले. कागदावर काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय झालंय, हे सांगायला सगळा गाव समोर बसलेला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही ऑडिट केलं ते असं. पुढे १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही त्यांची घोषणा. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षण आलं त्याच्या मागे ही सगळी माणसं आहेत. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमी योजना देशाला दिली, त्याने हिशोब वाचायची पद्धत मात्र राजस्थानकडून शिकावी असंच मी म्हणेन.

आता मावसभावाचा दुसरा मुद्दा. "हे आरटीआयवाले निम्मे खंडणीखोर असतात." निम्मे की किती ते सोडा, पण असे लोक असतात हे खरं आहे. अर्ज टाकायचा, बिल्डरला किंवा अधिकाऱ्याला गाठायचं, 'सेटलमेंट' करायची आणि अर्ज मागे घ्यायचा. पण यावर उपाय काय? कायदा आवळायचा? माझ्या मते उलट. दडलेल्या कागदालाच किंमत येते. जो कागद आधीच सगळ्यांसमोर आहे, त्यावरून कोण कोणाला धमकावणार? कायद्याच्या कलम ४ मध्ये हेच लिहिलंय की अंदाजपत्रक, खर्च, सवलती, परवाने अशी सतरा प्रकारची माहिती कार्यालयाने कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची. हे कलम नीट पाळलं तर खंडणीखोराचा धंदा बसेल आणि माझ्यासारखीचे दहा रुपयेही वाचतील.

पुणे महापालिकेने २००९ च्या सुमारास दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फाइली बघायला द्यायची पद्धत सुरू केली होती. २०१८ मध्ये राज्य सरकारने ती इतर स्थानिक संस्था आणि जिल्हा कार्यालयांसाठीही सांगितली. फार चांगली कल्पना. फक्त असा वार अधिकाऱ्यांच्या आदेशाने सुरू होतो, आणि आदेशाने बंदही करता येतो. फाइल बघायचा हक्क मात्र कायद्याच्या कलम २ मध्येच आहे, वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना मागायचा हक्कसुद्धा. तो कुणाच्या मर्जीवर नाही.

काळजी वाटावी अशा गोष्टीही आहेत, त्या लपवत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. आधी 'वैयक्तिक' माहितीतही सार्वजनिक कामाशी संबंध असेल किंवा व्यापक लोकहित असेल तर ती द्या, असं त्याच कलमात होतं. संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारायची नाही, असंही होतं. बदलात ते गाळलं. कलम ८(२) मधली लोकहिताची तरतूद शिल्लक आहे, पण 'वैयक्तिक' या एका शब्दाखाली ठेकेदाराचं नावही झाकायचा मोह होणारच. आणि तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी आठवा. जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढणाऱ्या त्या माणसाचा १३ जानेवारी २०१० ला सकाळी भर रस्त्यात खून झाला. म्हणून मी माझ्या भाच्यांना सांगते, एकट्याने हिरो व्हायला जाऊ नका. बावीस सह्यांचा अर्ज द्या. बावीस जणांना धमकावणं अवघड असतं.

खेड्यातल्या माणसाला निदान ग्रामसभा तरी आहे. वर्षातून किमान चार, आणि तिथे उठून 'नमुना ५ची रोकडवही दाखवा' म्हणता येतं. शहरातल्या माणसाला काय आहे? ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांत प्रभाग समित्या सांगितल्या. २००९ मध्ये राज्याच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. तुमच्यापैकी किती जण क्षेत्रसभेला गेला आहात? मला तरी बोलावणं आलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात विचारणारा लोकप्रतिनिधीच नव्हता. अशा वेळी नागरिकांची नजर नसेल तर कुणाचीच नसते.

असो. लांबलं खूप. माझी मागणी साधी आहे. सगळ्या महापालिकेचा भार डोक्यावर घेऊ नका. आपल्या घरापासून पाचशे पावलांच्या आतलं एक काम निवडा. रस्ता, गटार, बाग, शाळेचं छप्पर, काहीही. त्याची वरची चार कागदपत्रं मागवा. दोन शेजारी सोबत घ्या, त्यात एक जण आकडेमोड आवडणारा असला तर उत्तम. टेप घेऊन जागेवर जा आणि मोजा. बरोबर निघालं तर त्या अभियंत्याला तसं पत्र लिहा, कारण चांगलं काम केल्याचं त्याला कोणीच सांगत नाही. चूक निघाली तर तेही लिहा, झेरॉक्स जोडून.

आणि मावसभावा, तुझ्या गल्लीतलं ते अर्धवट राहिलेलं गटार मी अजून विसरलेले नाही. रविवारी येते. स्टॅम्प मी आणते, टेप तू काढून ठेव.