कार्बनपासून इंधन : सुरुवात डिस्टिलरीतून करा

कार्बन डायऑक्साइड पकडायचा, सौर किंवा पवनविजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि दोहोंपासून मिथेनॉल बनवायचे. महाराष्ट्राने या तंत्रात जरूर उतरावे, पण साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांपासून आणि पक्क्या अटी घालून. त्यासाठीचे हे मुद्दे.

१. हे आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. आइसलँडमध्ये २०१२ पासून भूगर्भातल्या उष्णतेच्या केंद्राशेजारी असे मिथेनॉल बनू लागले. डेन्मार्कमध्ये कासो इथे २०२५ साली वर्षाला ४२,००० टनांचा प्रकल्प सुरू झाला. त्याला कार्बन बायोगॅसमधून आणि बरीचशी वीज शेजारच्या सौर प्रकल्पातून मिळते. आपल्याकडे एनटीपीसीने विंध्याचल औष्णिक केंद्राच्या धुरातल्या वायूपासून २०२४ मध्ये मिथेनॉल काढून दाखवले.

२. वायू कोणता घ्यायचा, इथेच खरी निवड आहे. कोळशाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२-१४ टक्के असतो. तो वेगळा काढायला रसायने लागतात आणि भरपूर वाफ जाते. डिस्टिलरीच्या फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवण्याच्या टाकीतून, मात्र तो जवळजवळ शुद्धच बाहेर पडतो. रोज एक लाख लिटर इथेनॉल काढणाऱ्या डिस्टिलरीत तो दिवसाला सुमारे ७५ टन निघतो. काही कारखाने तो शुद्ध करून थंड पेये आणि ड्राय आइससाठी विकतात. जिथे ही सोय नाही, तिथे तो हवेत जातो. शिवाय हा कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. त्याचे इंधन करून जाळले, तरी अखेर तो हवेत नव्याने भरच घालतो. म्हणून युरोपीय संघाच्या नियमांत वीजकेंद्रांच्या धुरातल्या कार्बनला २०३५ अखेरपर्यंतच मुदत आहे. जैविक कार्बनला तशी मुदत नाही.

३. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विजेचा. एक टन मिथेनॉलसाठी सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. एवढा हायड्रोजन काढायला जवळपास १०,००० युनिट वीज जाते. आपल्या ग्रीडमधल्या प्रत्येक युनिटामागे आज सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे ग्रीडची वीज वापरून १.४ टन वायू वाचवायला आपण ७ टन नवा वायू सोडू! असा प्रकल्प कोणी हरित म्हणून मिरवला, तर ती लोकांची उघड फसवणूक ठरेल. म्हणून या कामासाठी नवीनच सौर-पवन प्रकल्प उभारले पाहिजेत. वरच्या डिस्टिलरीचा सगळा वायू वापरायचा, तर शंभर मेगावॅटहून मोठा सौर प्रकल्प आणि त्यासाठी चारशे-पाचशे एकर जमीन लागेल. सुरुवात दहाव्या हिश्श्यानेच करावी. जमीन पडीक असावी आणि ग्रामसभेला विचारून घ्यावी. पावसाळ्यात ऊन कमी पडते, तेव्हा सातारा-धुळ्याकडचा वारा जोरात असतो. त्यामुळे दोन्हींची सांगड घालता येते.

४. हे इंधन मोटारींसाठी बनवू नये. त्याच सौरविजेवर बॅटरीची गाडी चार-पाच पट अंतर कापते. मिथेनॉल जावे ते रंग, प्लायवुडचा डिंक, औषधे यांच्या उद्योगांकडे आणि जहाजांकडे, कारण तिथे बॅटरी किंवा दुसरा सोपा पर्याय नाही. देशाला लागणारे बहुतेक मिथेनॉल आपण आयात करतो, म्हणजे गिऱ्हाईक घरातच आहे. असे बनवलेले मिथेनॉल आज महाग पडेल, हे मान्य. म्हणूनच सरकारने ठरावीक खरेदीची हमी द्यावी.

५. पाणी : टनभर मिथेनॉलमागे सुमारे १,७०० लिटर शुद्ध पाणी लागते, त्यातला तिसरा हिस्सा प्रक्रियेतच परत मिळतो. उसाच्या वजनात सत्तर टक्के पाणीच असते. गाळप हंगामात रस आटवताना निघणारे पाणी साठवून वापरावे. धरणातून किंवा विंधन विहिरीतून नवा कोटा देऊ नये.

६. ज्या मुद्द्यावर कोणी बोलत नाही, तो मला सगळ्यात जास्त छळतो. मिथेनॉल हे विष आहे. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे दगावली, बहुतेक हातावर पोट असलेली. दारू बनणाऱ्या आवारातच मिथेनॉल तयार करायचे, तर आवार, टाक्या, टँकर आणि नोंदवह्या संपूर्ण वेगळ्या हव्यात. लिटर-लिटरचा हिशेब उत्पादन शुल्क खात्याने रोज तपासावा. ही व्यवस्था आधी, परवाना नंतर.

७. राज्याचे हरित हायड्रोजन धोरण २०२३ चे आहे. त्यातल्या सवलती नव्या विजेच्या अटीला बांधाव्यात. आणि साखर कारखान्यांच्या सभासदांनो, प्रकल्पाच्या घोषणेची वाट पाहू नका. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एवढाच ठराव मांडा : फर्मेंटरच्या नळीवर मीटर बसवावा आणि किती टन वायू निघाला, किती विकला, किती सोडून दिला, हे दरवर्षी अहवालात छापावे.