धडा सोडून देणारे आम्ही

बालभारतीच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाची माहिती आहे. उर्दू पुस्तकातही आहे, आकृत्यांसह. नवी मुंबईत उर्दू माध्यमात शिकवणारे आम्ही त्या पानांचे काय करतो? 'घरी वाचून या, परीक्षेला येईल' एवढे सांगून पान उलटतो. मुलगे मागच्या बाकावर खिदळतात, मुली दुपट्ट्याचे टोक चावतात आणि आमचा तास निर्विघ्न पार पडतो. बी.एड.ला पाठाचे नियोजन शिकलेले आम्ही!

कुणी विचारलेच तर उत्तर तयार असते, 'आपल्या मजहबात हे चालत नाही.'

कुठल्या मजहबात? हजरत उम्मे सुलैम यांनी थेट रसूलुल्लाह (स.) यांना विचारले होते की, स्त्रीला एहतेलाम झाला तर तिच्यावर गुस्ल आहे का? त्यांना दटावले गेले नाही, सरळ उत्तर मिळाले. हदीस बुखारीत आहे. हजरत आयेशा यांनी अन्सारी स्त्रियांची तारीफ केली ती याचसाठी, की दीन समजून घेताना त्यांना लाज आडवी आली नाही. मौलाना अशरफ अली थानवींचे 'बहिश्ती जेवर' किती घरांत नवरीला जहेजात दिले गेले! त्यात हैज, निफास, गुस्ल यांचे मसले उघड लिहिलेले आहेत. म्हणजे किताब घरात, कपाटावर, कापडात गुंडाळलेली. आणि आठवीतली मुलगी शाळेच्या संडासात रडत बसलेली, आपल्याला कॅन्सर झाला असे समजून. तिला बाहेर आम्हीच आणले होते. तिच्या अम्मीने नंतर आम्हाला एवढेच विचारले, 'कुणी पाहिले तर नाही ना?'

मग ही गप्प बसायची रीत आली कुठून? आमच्या मते किताबातून कमी, खोलीतून जास्त. तुर्भ्याच्या झोपडपट्टीत दहा बाय बाराच्या खोलीत सात-सात माणसे झोपतात. नवरा-बायकोला भांडायलाही आडोसा नाही, मग प्रेमाचे बोलणार कुठे? पोरांना सगळे ठाऊक असते, पण अंधारातले आणि मोबाइलवरचे. शब्द असतात ते फक्त शिवीतले. पनवेल-तळोज्याकडच्या कोकणी घरांत खोल्या आहेत, माणूस नाही. तो आखातात, दोन वर्षांनी महिनाभर येणार. बायकोने नवा सूट घातला तरी मोहल्ल्याच्या भुवया वर. तिलाही शरीर आहे, मन आहे, हे बोलायचे नाही. तिकडे त्याचे काय होते, तेही विचारायचे नाही. यासाठी फतवा लागत नाही, 'लोक काय म्हणतील' एवढे पुरते.

हे दुखणे फक्त मुसलमानांचे, असे म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावे. २००७ साली महाराष्ट्रात शाळांतले लैंगिक शिक्षण बंद झाले ते विधिमंडळात संस्कृतीच्या नावाने ओरड झाली म्हणून. ओरडणारे मौलवी नव्हते. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले, त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडली ती डॉ. आंबेडकरांनी. संस्कृती म्हणा की तहजीब, या एका बाबतीत दोन्हीकडचे बुजुर्ग एकमेकांना आनंदाने टाळी देतील!

किंमत मात्र लेकरे मोजतात. घरातलाच कुणी मामू-चाचू नको तिथे हात लावतो, तेव्हा मुलीकडे सांगायला शब्दच नसतो. मुलाकडेही नसतो. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, पण तक्रार करायला आधी अवयवाचे नाव घ्यावे लागते. ते नाव आम्ही वर्गात घेत नाही. मग आम्ही कुणाच्या बाजूचे झालो?

यंदा आम्ही दोघा-तिघांनी ठरवून ती पाने शिकवली. फळ्यावर आकृती काढताना हात थरथरला, खोटे कशाला बोला. पालकसभेत एक अब्बा उठलेच, 'टीचर, ये सब लड़कियों को बताना जरूरी है क्या?' आम्ही हजरत उम्मे सुलैमचा किस्सा सांगू लागलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून बुरख्यातली एक अम्मी म्हणाली, 'लड़कों को भी बताओ, टीचर. पहले उनको.'