‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्यांपैकी एक

घरात कुणी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं की ‘लॅपटॉप हँग होतोय, काय करू?’ हा प्रश्न त्याला जन्मभर पुरतो. माझं उत्तर ठरलेलं होतं. किती जुना आहे? सात वर्षं? मग नवीनच घ्या. दोन मिनिटांत फोन संपतो, समोरच्याला तज्ज्ञाचं मत मिळाल्याचं समाधान, मी मोकळा. हा सल्ला बऱ्याचदा चुकीचा असतो, आणि तो देण्याचा अधिकार माझ्या धंद्यातल्या माणसाला तर मुळीच नाही, असं आता माझं मत झालं आहे.

निमित्त धाकट्या बहिणीचं. तिच्याकडे असलेला लॅपटॉप मूळ माझा. २०१६ साली बारावीनंतर वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेला. सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, एक टीबीची फिरती हार्ड डिस्क. मी नोकरीला लागल्यावर तो तिच्याकडे गेला. ती बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि एका ऑनलाइन चाचणीत तो अठरा मिनिटं गोठला. दिवाळीला गावी गेलो तेव्हा आम्ही दोघं तो घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या मुलाने तो चालू करून पाहिला, स्क्रू एकही काढला नाही, आणि सांगितलं की मदरबोर्ड गेलाय. २२ हजार. त्यापेक्षा नवीन घ्या, याचे दीड हजार धरू.

मी मान डोलावली. हो, मीच. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “दादा, मदरबोर्ड गेला असता तर चालू तरी झाला असता का?”

चार वर्षांची पदवी आणि पाच वर्षांची नोकरी असलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. घरी येऊन टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निवांत, रॅम गच्च भरलेली, डिस्क १०० टक्के. म्हणजे काय, तर रॅम संपली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. ती डिस्क मिनिटाला ५४०० वेळा फिरते. ऐकायला जोरदार वाटतं, पण म्हणजे सेकंदाला फक्त ९० फेरे. इकडेतिकडे विखुरलेल्या माहितीचे शंभरेक तुकडे ती एका सेकंदात कसेबसे उचलते. साध्या एसएसडीला हेच काम काही हजारांच्या हिशोबात जमतं. गोठणं म्हणजे दुसरं काही नाही, ती रांग आहे. रेशनच्या दुकानासारखी.

एसटी स्टँडजवळच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं. पंख्यातून गोधडीतल्या कापसासारखा धुळीचा थर निघाला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली. आणि रॅमची दुसरी खाच रिकामी! नऊ वर्षं रिकामी. मला माहीत नव्हतं. एसएसडी २८००, रॅम १७००, मजुरी ३००. एकूण ४८०० रुपये, वेळ दोन तास, त्यात चहा धरून.

आता माझ्या धंद्याकडे येतो. त्या प्रोसेसरचा वेग २०१६ साली होता तेवढाच आजही आहे. त्याला म्हातारा आम्ही केला. एक साधी यादी दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या पोटात आम्ही अख्खा ब्राउझर भरतो, कारण त्याने आमचे तीन महिने वाचतात. पास्कल भाषा रचणाऱ्या निक्लाउस विर्थ यांनी सॉफ्टवेअरच्या या लठ्ठपणावर १९९५ साली लेख लिहिला होता. तीस वर्षं झाली. आमच्या ऑफिसातल्या एका बैठकीत निघालं की आमचं अ‍ॅप नुसतं उघडून ठेवलं तरी ९०० एमबी खातं. कुणीतरी हसून म्हणालं, “आजकाल ४ जीबी वापरतं कोण?” मीही हसलो. ३२ जीबीच्या मशीनसमोर बसून. ते अ‍ॅप कॉलेजांना विकलं जातं.

मग लोक विचारतात, सगळंच दुरुस्त करत बसायचं का? नाही. बॅटरी फुगली असेल तर तो लॅपटॉप आधी बंद करा. खरोखर मदरबोर्ड जळाला असेल आणि सुटा भाग मिळत नसेल तर नवीन घ्या. रॅम बोर्डावरच चिकटवलेल्या हल्लीच्या सडपातळ मॉडेलांत तर वाढवायला जागाच नाही, आणि ते आपल्याला कळतं पैसे मोजून झाल्यावर. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो किती दुरुस्त करता येतो याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. पोर्टलवर कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची माहिती मिळते. सर्व्हिस सेंटरला आम्ही जाऊनच आलो होतो.

बहिणीचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. लिनक्स टाकून दिलं असतं, छान चाललंही असतं, पण तिच्या कॉलेजचं परीक्षेचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही. सुरक्षा अपडेटची एक वर्षाची मुदतवाढ घेतली आहे. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा हीच चर्चा. मशीन ठणठणीत असेल, तरी चर्चा होईल.

परत आल्यावर मी ऑफिसात चाचणीसाठी ४ जीबीचा एक लॅपटॉप मागितला. असं मशीन शिल्लक नाही, जुनी सगळी मार्चमध्ये भंगारात दिली, असं उत्तर आलं. शेवटी जुन्या बाजारातून साडेसहा हजाराला एक घेतला, स्वतःच्या पैशाने. त्यावर आमचं अ‍ॅप उघडायला ५२ सेकंद लागतात. सोमवारच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर चालू करणार आहे.