औषध पोटात गेले तरच औषध



या सदरात आम्ही घरखर्च, मुलांचा अभ्यास, म्हाताऱ्यांची दुखणी अशा घरच्याच गोष्टी लिहीत आलो. यावेळी मांजरीबद्दल लिहीत आहोत. आमच्या हातून एक चूक झाली. ती चूक मांजर पाळणाऱ्या कोणत्याही घरात सहज होऊ शकते, म्हणून हा विषय.

बिजली ही अम्मींची मांजर. अब्बा गेले त्या वर्षी पावसात भिजून पडवीत आली आणि राहिली. अम्मी फजरला उठल्या की ती उठते, त्या तसबीह घेऊन बसल्या की पायथ्याशी पसरते. पावसाळा संपता संपता अम्मी म्हणाल्या, "बिजली दोन दिवस खाटेवर आली नाही." आम्ही म्हटले, उकाडा आहे, फरशीवर झोपत असेल. मग ती पुढचा उजवा पाय सारखा चाटताना दिसली. काटा रुतला असेल असे समजून आम्ही आणखी एक दिवस घालवला.

मांजर दुखणे लपवते. माणसासारखे कण्हत नाही, लंगडते तेही अगदी थोडे. उडी मारायचे सोडणे, एकच जागा चाटत राहणे, अंगाला हात लावू न देणे, अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसणे ही तिची तक्रार असते. आम्ही ती ऐकली नाही. तिसऱ्या दिवशी पंजा उजेडात धरून पाहिला तेव्हा एक नख मुळाशी उचकटलेले, बोट सुजून लाल झालेले, नखाच्या बुडातून पू येत असलेला. वासही येत होता. खिडकीच्या जाळीत नख अडकून तिने ओढले असावे, कारण जाळी तिथेच फाटलेली होती.

नखाचे दुखणे लहान नसते

मांजरीला बहुधा अठरा नखे असतात. पुढच्या पंजाला पाच-पाच, मागच्याला चार-चार. ही नखे नुसती कातडीवर उगवलेली नसतात. बोटाचे जे शेवटचे हाड, त्यावरच नख बसलेले असते. म्हणून नखाच्या मुळाशी धरलेला पू वेळेवर आवरला नाही, तर तो हाडापर्यंत जाऊ शकतो. माणसाला नखुरडे होते तेव्हा किती ठणकते ते आपल्याला ठाऊक आहे. मांजरीला त्याच बोटावर चालायचे असते, त्याच पंजाने शौचाची वाळू उकरायची असते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बोट बधिर करून लोंबणारे नख कापले, जखम धुतली, इंजेक्शन दिले आणि गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ एक, सात दिवस. चौदा गोळ्या. आम्ही खुशीत घरी आलो. काम झाले असे वाटले.

काम तिथून पुढे होते. पहिली गोळी आम्ही दोघांनी मिळून दिली. एकाने धरले, एकाने तोंड उघडले. गोळी आत गेली, बिजलीने जीभ फिरवली, आम्ही अल्हम्दुलिल्लाह म्हटले. दुसऱ्या दिवशी ती आम्हाला पाहताच पलंगाखाली गेली. मग शक्कल लढवली. गोळी कुटून तिच्या बशीतल्या बांगड्यात कालवली. तिने एकदा हुंगले, तोंडाला फेस आणला आणि त्या बशीकडे पाठ फिरवली. पुढच्या वेळी साधा बांगडा ठेवला, तोही तिने खाल्ला नाही. जी मांजर मासे कापताना पायात घुटमळायची, ती माशाला घाबरू लागली. पुन्हा हातानेच गोळ्या देऊ लागलो. ती गिळल्यासारखे करायची आणि आम्ही कागदावर खूण करायचो.

चौथ्या दिवशी धाकट्याने अम्मींच्या खाटेखाली झाडू मारला आणि हातावर तीन ओलसर, विरघळलेल्या गोळ्या घेऊन आला. चौथी गोधडीच्या घडीत मिळाली. आमच्या कागदावर सहा खुणा होत्या. एक गोळी बशीत वाया गेली होती, चार इथे होत्या. म्हणजे पोटात गेली होती ती बहुधा पहिल्या दिवसाची एकच. पंजा पुन्हा सुजला होता आणि बिजलीने आदल्या दुपारपासून काही खाल्ले नव्हते.

एका गोळीने जीव गेला असता

त्या संध्याकाळी शेजारच्या खाला आल्या. मायेने म्हणाल्या, "ठणका आहे बिचारीला. तापाची अर्धी गोळी द्या, मुलांना देतो तीच." घरात गोळी होती. आम्ही ती पाकिटातून काढलीही होती. थोरलीने मोबाईलवरून डॉक्टरांना विचारले म्हणून वाचलो. त्यांनी एवढेच म्हटले, "देऊ नका. ती मरेल."

हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे. आपण डोकेदुखीला, तापाला घेतो ती पॅरासिटामॉल मांजरीसाठी विष आहे. ती पचवण्याची सोय तिच्या यकृतात पुरेशी नसते. तिचे रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. मोठ्या माणसाची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिनही घरच्या अंदाजाने कधीच देऊ नयेत. दुखण्यावर मांजरीची वेगळी औषधे असतात, ती डॉक्टरांकडूनच घ्यावीत.

जखमेवर काय लावू नये हेही त्या दिवशी कळले. फिनाईल किंवा फरशी पुसायची जंतुनाशके नकोत, स्पिरिट नको, पेरॉक्साइड नको, टी ट्री तेल नको. मांजर पंजा चाटते, म्हणून पंजाला लावलेले सगळे तिच्या पोटात जाते. तेलातली हळदही आम्ही थांबवली, कारण त्या लेपाखाली घाण आणि पू कोंडून राहतो. घट्ट पट्टीही नको. ती रक्त अडवते आणि आत काय चालले आहे ते दिसत नाही.

खरे सांगितले तेव्हा उपाय निघाला

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या चार गोळ्या कागदात गुंडाळून डॉक्टरांपुढे ठेवल्या. लाज वाटत होती. ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे सांगितलेत ते बरे केलेत. तुम्ही नुसते 'औषध लागू पडले नाही' म्हणाला असता, तर मी आणखी जबर गोळी लिहून दिली असती. तीही खाटेखालीच गेली असती."

मग त्यांनी विचारले, घरी धरायला कोण असते, किती जण असतात, मांजर चावते का, दिवसातून किती वेळा जमेल? हे प्रश्न पहिल्याच दिवशी आम्ही स्वतःहून सांगायला हवे होते. गोळीऐवजी पातळ औषध मिळू शकते. दिवसातून एकदाच द्यायचे औषध असू शकते. एकदा टोचले की सुमारे दोन आठवडे काम करणारे इंजेक्शनही असते. ते सगळ्यांकडे नसते, स्वस्तही नसते, पण विचारायला काही लागत नाही. बिजलीला तेच दिले. आम्ही गोळ्यांवर, रिक्षावर आणि माशांवर जे वाया घालवले होते, त्यापुढे ते फार महाग पडले नाही.

ज्यांना गोळीच द्यावी लागेल त्यांच्यासाठी डॉक्टरांनी दाखवलेली रीत लिहितो.

आधी मांजरीला टॉवेलात गुंडाळावे, फक्त डोके बाहेर. तिची पाठ आपल्या पोटाला लागेल असे बसावे, म्हणजे तिला मागे सरकता येत नाही. एका हाताने वरून गालाची हाडे धरून तोंड छताकडे करावे, खालचा जबडा आपोआप सैल होतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने तो उघडून गोळी जिभेच्या अगदी मागे, मध्यावर ठेवावी. तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवावा. तिने नाक चाटले की बहुधा गिळले असे समजावे. नंतर सुई नसलेल्या सिरिंजने गालातून थोडे-थोडे करून पाच-सहा मिलिलिटर पाणी द्यावे. हे पाणी महत्त्वाचे आहे. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडीच अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम करते. पातळ औषध द्यायचे असेल तर डोके वर करू नये, नाहीतर ते श्वासनलिकेत जाते.

खाण्यातून द्यायचे असेल तर पूर्ण बशीत कालवू नये. तीन लहान घास करावेत, पहिला साधा, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच साधा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा गिळला जातो. दुधात औषध घालू नये. बऱ्याच मोठ्या मांजरींना दूध पचत नाही आणि काही औषधे दुधामुळे अंगी लागत नाहीत. गोळी कुटण्याआधी विचारावे, काही गोळ्या कुटायच्या नसतात. कडू चवीने तोंडाला फेस आला तर घाबरू नये, विषबाधेचा तो फेस नव्हे. पण ज्या बशीत कडू लागले, ती बशी मांजर विसरत नाही.

जखमेसाठी एक काम आम्हाला घरी जमले. अर्धा लिटर पाणी उकळायचे, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालायचे, कोमट झाले की पंजा त्यात पाच मिनिटे बुडवायचा, दिवसातून दोनदा. मग मऊ कापडाने टिपून कोरडा करायचा. अम्मी तिला मांडीवर घ्यायच्या आणि नात पातेले धरायची. पहिल्या दिवशी अर्धे पाणी अंगावर आले. तिसऱ्या दिवशी बिजली डोळे मिटून बसली. शौचाच्या तसराळ्यात वाळूऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे घातले, म्हणजे जखमेत खडे जात नाहीत. चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घातली. कपड्यांना पू-रक्त लागले की ते धुऊन किंवा बदलूनच आम्ही नमाजला उभे राहत होतो.

सूज पायावर चढू लागली, बोट काळे पडले, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा एक पूर्ण दिवस तिने काही खाल्ले नाही, तर वाट पाहू नये. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजरीच्या, विशेषतः लठ्ठ मांजरीच्या यकृतात चरबी साठते आणि ते दुखणे मूळ जखमेहून भारी पडते. एकापेक्षा जास्त पंजांची नखे सुजली तर कारण नुसती इजा नसते, दुसरा आजार असू शकतो. म्हाताऱ्या मांजरीत तर ते तपासलेच पाहिजे. आणि औषध देताना मांजर आपल्याला चावली तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. दात बारीक असतो, पण खोल जातो. रेबीजची लस लागेल का, ते डॉक्टर ठरवतील.

मुक्या जिवाची अमानत

मांजर बांधून ठेवून तिला खायला न देणाऱ्या आणि सोडूनही न देणाऱ्या स्त्रीला शिक्षा झाल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना तर जग मांजरीच्या पिल्लावरून पडलेल्या नावानेच ओळखते. आम्ही बिजलीला उपाशी ठेवणारे नव्हतो. आम्ही तिला डॉक्टरकडे नेले, औषध आणले, रोज खूण केली. तरी तिची बशी आमच्या शकलेने कडू झाली आणि ती उपाशी राहिली. दया मनात असणे आणि ती त्या जिवापर्यंत पोहोचणे यात अंतर असते. ते आम्ही आमच्या कागदावरच्या सहा खुणांवरून शिकलो.

आता औषध घरी आणले की आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो. हे आमच्याच्याने देता येईल का? नसेल तर तसे डॉक्टरांसमोरच बोलतो. अम्मींच्या स्वतःच्या गोळ्यांबाबतही बोलू लागलो. विचारले तेव्हा कळले की रात्रीची मोठी गोळी घशात अडकते म्हणून त्या ती कित्येकदा टाळत होत्या. आम्हाला त्रास नको म्हणून गप्प होत्या. डॉक्टरांनी तेच औषध पातळ स्वरूपात दिले.

बिजलीचे नख दोन-अडीच महिन्यांनी परत आले, जरा वाकडे. खिडकीची जाळी आम्ही बदलली. परवा फजरनंतर अम्मींनी तसबीह हातात घेतली आणि खाटेवर धप्प आवाज झाला. अम्मींनी मान वळवली नाही. हळूच पाय आखडून तिला जागा करून दिली.