एक ‘प्रिन्सिपल’, दोन अर्थ

आमच्या शेजारच्या एका कामगार बंधूंनी घरासाठी बँकेकडे कर्ज मागितले होते. बँकेचे पत्र आले तेव्हा ते कामावर होते. मुलाने फोनवर वाचून दाखविले, ‘इन-प्रिन्सिपल सँक्शन’. वडिलांना वाटले, मुद्दल मंजूर झाले! जुन्या कर्जाच्या हप्त्यांमुळे ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल हे त्यांना पाठ होते. दुसऱ्याच दिवशी घराचा इसार द्यायचा, असे ठरले. नशीब, की त्याआधी बापलेक पत्र घेऊन आमच्याकडे आले.

आम्ही स्पेलिंग दाखविले. पत्रातल्या शब्दाच्या शेवटी पी-एल-ई होते. मुद्दलाच्या शेवटी पी-ए-एल असते. उच्चार एकच, अर्थ मात्र निराळा. पी-एल-ई म्हणजे तत्त्व. ‘इन प्रिन्सिपल’ म्हणजे तत्त्वतः. अशा मंजुरीचा अर्थ एवढाच, की प्राथमिक पाहणीत अर्ज बसतो. उत्पन्नाचे दाखले आणि घराची कागदपत्रे तपासल्यावरच अंतिम निर्णय होतो, आणि तो नकाराचाही असू शकतो. मग इसाराची रक्कम अडकली असती.

तेव्हा मुलांनो, वहीत लिहून ठेवा. मुद्दल, मुख्य आणि कॉलेजचे प्राचार्य : पी-ए-एल. तत्त्व आणि नियम : पी-एल-ई.

नोकरीच्या अर्जातही असाच घोटाळा होतो. ‘अ पार्ट’ हे दोन शब्द सुटे लिहिले तर ‘एक भाग’. जोडून लिहिले तर ‘वेगळा, अलग’. तुमच्या संस्थेचा भाग व्हायचे आहे, असे लिहिताना ‘ए’ पुढच्या शब्दाला चिकटला, की अर्थ बिघडलाच. खूण सोपी आहे : पुढे ‘ऑफ’ आला तर बहुधा सुटे, ‘फ्रॉम’ आला तर जोडून.

तसेच ‘ऑल रेडी’ सुटे म्हणजे सगळे तयार. जोडून, एकाच एलने लिहिले तर ‘आधीच’.

यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या मराठीतही दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब; ऐकताना फरक कळतोच असे नाही. म्हणून पैशाचे पत्र नुसते ऐकू नका, डोळ्यांनी वाचा. शंका आली तर बँकेत सरळ विचारा, “ही अंतिम मंजुरी आहे का?” उत्तर लेखी मिळाल्यावरच इसाराला हात घाला.