भाषेला कॉलम नको, ओळ द्या

एकच मजकूर अनेक भाषांत साठवायचा असला की आपल्याकडे सर्रास एक वाट धरली जाते: टेबलात शीर्षक_इंग्रजी, शीर्षक_हिंदी, शीर्षक_मराठी असे कॉलम वाढवत न्यायचे. तिच्या समर्थनार्थ तीन मुद्दे मांडले जातात. भाषा दोन-तीनच असतात, जॉइन लागत नाही आणि क्वेरी सोपी राहते. तिन्ही मुद्दे तपासायला हवेत.

भाषा दोन-तीनच राहतात, हे गृहीतकच लंगडे आहे. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सुरुवातीला १४ भाषा होत्या. १९६७, १९९२ आणि २००३ च्या दुरुस्त्यांनी त्या २२ झाल्या. शीर्षक, सारांश, मजकूर एवढेच धरले तरी ६६ कॉलम झाले! शिवाय प्रत्येक नव्या भाषेसाठी टेबलाची रचना बदला, क्वेरी बदला, फॉर्म बदला.

जॉइनचा बाऊही अनाठायी आहे. भाषांतरांच्या वेगळ्या टेबलात मजकुराचा क्रमांक आणि भाषेचा कोड मिळून प्रायमरी की केली, की हवी ती ओळ इंडेक्सवरून थेट सापडते. राहिली सोपी क्वेरी. शीर्षक_मराठी रिकामे आहे, म्हणजे नेमके काय? भाषांतर झाले नाही, तपासायचे राहिले, की मराठी आवृत्ती काढायचीच नाही? रिकामा कॉलम यातले काहीच सांगत नाही.

सगळ्या भाषा एका जेसन कॉलममध्ये भरा, असेही सुचवले जाते. बटणांवरच्या छोट्या मजकुराला ते चालेल. पण चुकीचा भाषा-कोड अडवणारी फॉरिन की तिथे लावता येत नाही.

मग करावे काय? किंमत, तारीख, छायाचित्र मुख्य टेबलात ठेवा. भाषांतराच्या टेबलात प्रत्येक भाषेला एक ओळ द्या. तिच्यात शीर्षक, मजकूर, भाषांतराची स्थिती आणि शेवटच्या बदलाची तारीख असू द्या. भाषांची यादी तिसऱ्या टेबलात ठेवा आणि कोडात लिपीलाही जागा द्या. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यातली कोंकणी देवनागरीतली आहे. रोमी लिपीत कोंकणी वाचणाऱ्यांना तो मजकूर कसा पुरेल? मायएसक्यूएलमध्ये जुना तीन बाइटांचा यूटीएफ-८ संच टाळून चार बाइटांचा निवडा. देवनागरी तीन बाइटांत मावते, मोडीच्या अक्षराला मात्र चार लागतात.

भाषा ही माहिती आहे आणि माहितीची जागा ओळीत आहे. रचना अशी असेल, तर ‘मराठी पुढच्या टप्प्यात’ म्हणणाऱ्यांना निदान डेटाबेसकडे बोट दाखवता येणार नाही.